कार्बन ब्रशला वंगण कोण घालते?

घरातला मिक्सर चटणी वाटता वाटता अडखळू लागतो, आत निळ्या ठिणग्या दिसतात, उग्र वास येतो आणि शेवटी तो बंदच पडतो. दुरुस्तीच्या दुकानात नेला की कारागीर झाकण उघडायच्या आधीच सांगतो, “कार्बन गेले असतील.” मग तो मोटारीच्या दोन्ही बाजूंनी स्प्रिंग लावलेले दोन झिजके काळे तुकडे काढतो, तेथे नवे बसवतो आणि मिक्सर पुन्हा घरघरू लागतो.

हे काळे तुकडे म्हणजे ‘कार्बन ब्रश’. नाव ब्रश असले तरी त्यांना केस नसतात. फिरणाऱ्या मोटारीला वीज पोचवण्याचे काम ते करतात. मोटारीच्या दांड्यावर तांब्याच्या पट्ट्यांचे एक गोल नळकांडे बसवलेले असते. त्याला दिक्परिवर्तक म्हणतात. कारागीर त्यालाच ‘कॉम्युटेटर’ म्हणतो. स्प्रिंगमुळे ब्रश त्यावर सतत दाबलेला राहतो. दिक्परिवर्तक फिरतो, ब्रश जागेवरच असतो, आणि दोघांच्या घासण्यातून वीज आत जाते.

आता थोडा हिशेब करू. समजा, दिक्परिवर्तकाचा व्यास २.५ सेंटिमीटर आहे आणि मोटार मिनिटाला १८,००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ३०० फेरे. एका फेऱ्यात ब्रशखालून सुमारे ७.८५ सेंटिमीटर तांबे सरकते. यावरून घासण्याचा वेग सेकंदाला २३ मीटरांहून अधिक, म्हणजे ताशी जवळजवळ ८५ किलोमीटर निघतो. रस्त्यावरून भरधाव जाणाऱ्या मोटारीचा हा वेग! या वेगाने एक घन पदार्थ दुसऱ्यावर दाबून घासला जात आहे आणि तरीही ब्रश महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतो. सायकलच्या साखळीला आपण तेल घालतो, शिवणयंत्राला घालतो, बैलगाडीच्या आसालाही वंगण लावीत. या ब्रशला मात्र कोणी तेलाचा थेंब दाखवत नाही. मग त्याला वंगण घालते कोण?

या प्रश्नाचे एक उत्तर पाठ्यपुस्तकात आहे. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर कसे सापडले, ते या लेखात पाहावयाचे आहे.

घर्षण म्हणजे नेमके काय?

आधी घर्षणाची थोडी उजळणी करू. कितीही गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली सह्याद्रीच्या रांगांसारखा उंचसखल दिसतो. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर ते सगळीकडे टेकत नाहीत. एका डोंगररांगेवर दुसरी उलटी ठेवावी तशी फक्त शिखरे शिखरांना टेकतात. प्रत्यक्ष स्पर्शाची जागा दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी लहान अंश असते. साऱ्या वजनाचा भार त्या लहानशा जागेवर पडतो. त्यामुळे शिखरे दबतात, दोन्ही बाजूंचे अणू एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि तेथे ते चक्क जोडले जातात. वस्तू सरकवायची म्हणजे हे असंख्य बारीक सांधे तोडायचे. ते तोडण्यास लागणारे बल म्हणजे घर्षणाचा मोठा भाग होय. सांधा तुटताना एखादे शिखर मुळासकट उपटले गेले, तर ती झाली झीज.

वंगणाचे काम यावरून लक्षात येईल. दोन पृष्ठभागांच्या मध्ये असे काही घालायचे की अणूंची अशी गाठ पडताच कामा नये. तेलाने भरलेल्या बेअरिंगमध्ये तेलाचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याच्या काही पट जाडीचा असतो, आणि तेवढ्याने शिखरे एकमेकांपासून दूर राहतात.

पण थर इतका जाड असायलाच हवा का? विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत दोन शास्त्रज्ञांनी यावर महत्त्वाचा प्रकाश टाकला. अमेरिकेत आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी दाखवले की पृष्ठभागावर केवळ एका रेणूच्या जाडीचा थर बसू शकतो. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्लंडमध्ये विल्यम हार्डी यांनी दाखवले की इतका पातळ थरही घर्षण कमी करू शकतो. हवेतले किंवा बाष्पातले रेणू घन पृष्ठभागावर येऊन असे चिकटून बसतात, या क्रियेला ‘अधिशोषण’ म्हणतात. स्पंज पाणी शोषतो, ते आत घेतो. अधिशोषणात रेणू आत जात नाहीत, वरच बसतात. हा शब्द लक्षात ठेवा. आपल्या गोष्टीचा नायक तोच आहे.

पाठ्यपुस्तकातले उत्तर

कार्बन ब्रशमध्ये मुख्यतः ग्रॅफाइट असते. ग्रॅफाइट हे कार्बनचेच रूप. पेन्सिलीतले शिसे म्हणतो तेही शिसे नसून ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनी जाळीत मांडलेले असतात. मधाच्या पोळ्यासारख्या या जाळीचे थर एकावर एक रचलेले असतात. एकाच थरातल्या शेजारच्या दोन अणूंमध्ये ०.१४२ नॅनोमीटर अंतर असते, तर दोन थरांमध्ये ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे दुपटीहूनही जास्त. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) थरातल्या थरात बंध अतिशय मजबूत आणि थराथरांमधले आकर्षण मात्र दुबळे.

म्हणून पाठ्यपुस्तक सांगते की पत्त्यांच्या जोडातले पत्ते जसे एकमेकांवरून सहज सरकतात, तसे ग्रॅफाइटचे थर सरकतात, आणि त्यामुळे ग्रॅफाइट आपोआपच निसरडे असते. ते स्वतःच वंगण आहे, त्याला दुसरे वंगण कशाला?

मीही वर्गात कित्येक वर्षे एवढेच सांगून फळा पुसत असे. हे उत्तर इतके सुटसुटीत आहे की त्यावर कोणाला शंका येत नाही. १९४० च्या सुमारास शास्त्रज्ञांनाही ते पुरेसे वाटत होते. ते अपुरे आहे हे जमिनीवर कोणाला कळलेच नाही. ते कळले आकाशात, फार उंचावर.

उंचावर गेलेली विमाने

दुसऱ्या महायुद्धात विमाने पूर्वीपेक्षा खूप उंच उडू लागली. ८ ते ९ किलोमीटर उंचीवर शत्रूच्या तोफांचा मारा कमी पोचे. विमानात वीज निर्माण करणारी जनित्रे आणि निरनिराळ्या कामांच्या मोटारी असत, आणि त्यांत कार्बन ब्रश असत. जमिनीवर महिनोन्महिने चालणारे हे ब्रश उंचावर काही तासांतच झिजून संपू लागले. झिजत होते म्हणण्यापेक्षा त्यांचे पीठ होत होते म्हणणे योग्य ठरेल. यंत्र उघडले की आत काळ्या भुकटीचा ढीग दिसे.

विचार करा, आकाशात वीजच गेली तर वैमानिकाचे काय होईल? संदेशयंत्र बंद, दिवे बंद, विजेवर चालणारी साधने बंद. अंगठ्याएवढ्या काळ्या तुकड्यावर विमानातल्या माणसांचा जीव अवलंबून होता.

तुम्ही त्या वेळचे संशोधक आहात असे समजा. तुम्ही कोणाकोणावर संशय घ्याल? उंचावर थंडी असते, ९ किलोमीटरवर तापमान शून्याखाली ४५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. थंडीने ब्रश ठिसूळ झाला का? उंचावर हवा विरळ असते, तिचा दाब जमिनीवरच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. विरळ हवेमुळे यंत्र नीट थंड होत नाही का? की ठिणग्या जास्त पडतात? की ऑक्सिजन कमी पडतो?

अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनशाळेत, म्हणजे लँगम्यूर ज्या प्रयोगशाळेत काम करीत त्याच ठिकाणी, आर. एच. सॅव्हेज यांनी या प्रश्नाचा छडा लावला. त्यांची पद्धत तुम्हांला प्रयोगशाळेत शिकवतात तीच होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यांनी एका बंद पात्रात ग्रॅफाइट फिरत्या तांब्यावर घासत ठेवले आणि पात्रातली हवा काढून घेतली. थंडी नव्हती, उंची नव्हती, तरी ग्रॅफाइटचे पीठ होऊ लागले! ज्याला आपण उपजत निसरडे समजतो त्या ग्रॅफाइटचा घर्षणांक नेहमीच्या सुमारे ०.२ वरून ०.८ पर्यंत चढला. निर्वातात ग्रॅफाइट निसरडे राहिलेच नाही.

मग त्यांनी पात्रात एकेक वायू सोडून पाहिला. कोरड्या नायट्रोजनने काही फरक पडला नाही. ऑक्सिजनने मदत केली, पण त्यासाठी तो भरपूर प्रमाणात लागला. मात्र पाण्याचे बाष्प थोडेसे सोडताच घर्षण खाली आले आणि पीठ पडणे थांबले. पाऱ्याच्या सुमारे ३ मिलिमीटर दाबाएवढे बाष्प त्याला पुरले. हवेचा एकूण दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही मात्रा किती अल्प आहे हे कळेल. हे संशोधन १९४०च्या दशकात प्रसिद्ध झाले.

म्हणजे ब्रशला वंगण घालणारा अदृश्य कारागीर सापडला. तो म्हणजे हवेतला दमटपणा!

नाशिकचा उन्हाळा आणि नऊ किलोमीटरवरचे आकाश

येथे कोणीही चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “सर, नाशिकचा मे महिना तर रखरखीत असतो. ओठ फुटतात, कपडे तासाभरात वाळतात. मग उन्हाळ्यात आमच्या मिक्सरचे ब्रश का झिजून जात नाहीत?”

प्रश्न उत्तम आहे. उत्तर आकड्यांनीच देऊ. समजा, मे महिन्याची दुपार आहे, तापमान ३८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता फक्त २० टक्के. ३८ अंशांना हवेत बाष्पाचा जास्तीत जास्त दाब पाऱ्याच्या सुमारे ५० मिलिमीटर असू शकतो. त्याचे २० टक्के म्हणजे १० मिलिमीटर. डिसेंबरातल्या १० अंशांच्या सकाळी हा जास्तीत जास्त दाब सुमारे ९ मिलिमीटर असतो. आर्द्रता ६० टक्के धरली तर बाष्पदाब साडेपाच मिलिमीटर निघतो. जुलैत इगतपुरीला धो-धो पाऊस कोसळत असताना तापमान २४ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के धरा, तर तो २१ मिलिमीटर येतो. तिन्ही आकडे ३ च्या वर आहेत. आपल्या त्वचेला कोरडी वाटणारी हवा ब्रशला कोरडी नसते. त्वचेला सापेक्ष आर्द्रता जाणवते. ब्रशला मात्र बाष्पाचे प्रत्यक्ष प्रमाण महत्त्वाचे असते.

आता उणे ४५ अंशांचे काय? त्या तापमानाला बाष्पाचा दाब फार तर ०.०५ मिलिमीटर असू शकतो, त्याहून जास्त बाष्पाचे बर्फच होते. हवेचा दाब उंचावर तिसऱ्या हिश्शावर येतो, पण बाष्प मात्र आपल्या रखरखीत मे महिन्याच्याही दोनशेव्या हिश्शावर उतरते. विमानातील यंत्र ही हवा आत घेऊन गरम करील हे खरे, पण गरम केल्याने हवेतील बाष्प वाढत नाही. खरा गुन्हेगार थंडी, पण तिने ब्रशला हात लावला नाही. तिने फक्त हवेतले बाष्प काढून घेतले.

नाशिककरांना हा विषय दूरचा वाटू नये. आपल्या ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० यांसारखी उंच उडणारी लढाऊ विमाने तेथे बांधली गेली. अशा उंचीवर उडणाऱ्या विमानातल्या प्रत्येक घासणाऱ्या भागाला, तेथे बाष्प नाही, हे गृहीत धरावे लागते. युद्धकाळात त्यावर काढलेला उपाय असा की ब्रशमध्येच बेरियम फ्ल्युओराइडसारखी धातूंची हॅलाइड संयुगे मिसळायची. हवा जे देत नाही ते ब्रशने शिदोरीसारखे बरोबर न्यायचे.

बाष्प नेमके काय करते?

पत्त्यांचा जोड पुन्हा डोळ्यांपुढे आणा. पत्ते एकमेकांवरून सरकतात, पण पत्त्यांच्या कडांना खळ लागली असेल तर? ग्रॅफाइटची खरी अडचण थरांच्या पृष्ठभागात नसून कडांमध्ये आहे. थराच्या मधल्या प्रत्येक कार्बन अणूचे बंध शेजाऱ्यांशी जुळलेले असतात. पण थर जेथे तुटतो तेथे, कडेच्या अणूंचे बंध अर्धवट लोंबकळत राहतात. असे अणू समोर जे येईल त्याला पकडू पाहतात. ब्रश घासला जाताना ग्रॅफाइटचे बारीक तुकडे पडतात, नव्या कडा उघड्या होतात आणि त्या एकमेकींना किंवा तांब्याला घट्ट धरतात. मग सरकणे थांबते, ओरबाडणे सुरू होते. ओरबाडण्याने आणखी तुकडे, आणखी कडा. हे दुष्टचक्र म्हणजेच ते पीठ.

हवेत बाष्प असेल तर पाण्याचे रेणू या कडांवर अधिशोषित होतात. ते तुटून त्यांचे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल हे भाग लोंबकळणाऱ्या बंधांना जाऊन बसतात. उघड्या हातात कोणीतरी आधीच हात दिला की तो हात दुसऱ्याला पकडणार नाही, तसेच हे. कडा शांत झाल्या की थर थरांवरून सरकू लागतात. पाठ्यपुस्तकातले उत्तर येथून पुढे खरे ठरते.

या वंगणाचा सर्वांत मोठा गुण मात्र निराळाच आहे. तेलाचा थर पुसला गेला की पुन्हा तेल घालावे लागते. बाष्पाचा थर पुसला गेला तर? वायूंच्या गतिज सिद्धांताने हिशेब करता येतो. बाष्पाचा दाब ३ मिलिमीटर असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला एकावर एकवीस शून्ये इतके पाण्याचे रेणू येऊन आदळतात. एक चौरस सेंटिमीटर झाकायला साधारण एकावर पंधरा शून्ये इतके रेणू पुरतात. आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला असे धरले, तर एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात नवा थर तयार! तेवढ्या वेळात आपल्या मिक्सरचा दिक्परिवर्तक केसाच्या जाडीइतकाही पुढे सरकत नाही. प्रत्यक्षात सगळे रेणू चिकटत नाहीत, सगळे ब्रशखाली पोचतही नाहीत, तरी हे वंगण किती तत्पर आहे याची कल्पना येते. जखम होताक्षणी मलमपट्टी व्हावी तसे हे आहे. ०.०५ मिलिमीटर दाबाला हेच काम साठपट सावकाश होते आणि तोवर ओरबाडणे सुरू झालेले असते.

थळ घाटातली इंजिने

हे वंगण पूर्वीपासून किती मोठी कामे करीत आले आहे, ते पाहायला नाशिक जिल्ह्याबाहेर जायला नको. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट आगगाडीने तुम्ही चढला असाल. तेथे रुळांचा चढ ३७ मीटरला १ मीटर इतका आहे, आणि गाडीला मागून जोर देण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात. या मार्गाचे विद्युतीकरण १९३० साली झाले. त्या काळच्या १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या इंजिनांच्या प्रत्येक मोटारीत दिक्परिवर्तक आणि त्यावर घासणारे कार्बन ब्रश होते. म्हणजे हजारो टन माल आणि माणसे घाटावर चढत होती, तेव्हा त्या मोटारींतल्या सरकत्या सांध्यांना अंशतः घाटातले धुकेच वंगण पुरवीत होते, असे म्हणायला हरकत नाही!

ती १,५०० व्होल्टची पद्धत आता गेली. आज या मार्गावर २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाह आहे आणि डब्ल्यूएजी-९ सारख्या नव्या इंजिनांच्या मोटारींत ब्रशच नसतात. जुन्या पिढीतल्या इंजिनांत मात्र ते आहेत. विद्युत इंजिनांच्या अशा मोटारी दुरुस्त करणारी मध्य रेल्वेची कार्यशाळा नाशिकरोडला एकलहरे रस्त्यावर आहे.

मोटारींच्या कारागिरांना दिक्परिवर्तकाचा रंग पाहून त्याची प्रकृती ओळखता येते. निरोगी दिक्परिवर्तक लख्ख तांबूस दिसत नाही. त्यावर तकतकीत चॉकलेटी थर चढलेला असतो. हा थर तांब्याचे ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि बाष्पातून आलेला ओलावा यांचा बनतो. नवशिका माणूस तो मळ समजून पॉलिश कागदाने घासून काढतो, आणि मग ब्रश पूर्वीपेक्षा लवकर झिजतात. ब्रशांसाठी दर घनमीटर हवेत ८ ते १५ ग्रॅम बाष्प असणे चांगले, असा सर्वसाधारण संकेत आहे. आपल्या मे महिन्याच्या दुपारी ते सुमारे ९ ग्रॅम भरते.

पण प्रत्येक बाष्प हितकारक असते असे नाही. सिलिकोन या रबरासारख्या किंवा तेलासारख्या पदार्थाचे बाष्प बंद मोटारीत शिरले, तर ठिणग्यांच्या उष्णतेने त्यापासून वाळूसारखे कठीण कण तयार होतात आणि ब्रश झपाट्याने झिजतात. म्हणून ब्रशच्या मोटारींजवळ सिलिकोनचे पदार्थ वापरू नयेत, असा दंडक आहे.

जेथे बाष्पच वैरी ठरते

ग्रॅफाइटसारखाच थरांचा बनलेला दुसरा एक पदार्थ आहे, मॉलिब्डेनम डायसल्फाइड. दिसायलाही तो काळपट, निसरडा, ग्रॅफाइटचा जुळा भाऊ शोभावा असा. पण स्वभाव अगदी उलटा. निर्वातात तो उत्तम वंगण असतो आणि दमट हवेत मात्र त्याचे घर्षण वाढते, तो लवकर झिजतो. अवकाशात बाष्प नाही, तेथे ग्रॅफाइट कुचकामी. म्हणून अवकाशयानांत हा दुसरा भाऊ वापरतात.

त्याच्या स्वभावाचा फटका एकदा फार महागात पडला. गुरूकडे जाणारे ‘गॅलिलिओ’ हे अमेरिकन यान ऑक्टोबर १९८९ मध्ये सुटले. त्याची मोठी अँटेना छत्रीसारखी मिटवून ठेवलेली होती. एप्रिल १९९१ मध्ये ती उघडण्याची आज्ञा दिली, पण छत्रीच्या काही काड्या अडकून बसल्या. चौकशीअंती निघालेला निष्कर्ष असा की यान पृथ्वीवर असताना ट्रकने अनेकदा लांबचे प्रवास झाले, त्यांतल्या हादऱ्यांनी काड्यांच्या खिळ्यांवरचा कोरड्या वंगणाचा थर, म्हणजे हेच मॉलिब्डेनम डायसल्फाइड, घासून गेला. निर्वातात पोचल्यावर उघडा पडलेला धातू धातूला चिकटला. तेथे थर पुन्हा भरून काढणारे कोणी नव्हते. शास्त्रज्ञांनी लहान अँटेनेवरून सावकाश माहिती मिळवून मोहीम तडीस नेली, पण मोठी छत्री शेवटपर्यंत उघडली नाही.

बाष्प मुद्दाम सोडले तर?

हवेतले बाष्प आपण होऊन वंगण होते, मग हवे ते बाष्प मुद्दाम का सोडू नये? सॅव्हेज यांनाच आढळले होते की काही कार्बनी द्रवांची बाष्पे पाण्याहूनही कमी दाबाला काम करतात. याच कल्पनेतून ‘बाष्प-वंगण’ ही शाखा वाढली.

सिलिकनच्या चकतीवर आता केसाहून बारीक दंतचक्रे आणि तरफा कोरता येतात. इतक्या लहान यंत्रात तेल घातले तर तेलाच्या पृष्ठताणानेच ते चिकटून बसेल. २००८ साली अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ येथील संशोधकांनी अशा यंत्राभोवती पेंटॅनॉल या अल्कोहोलचे बाष्प ठेवले. कोरड्या नायट्रोजनमध्ये लवकरच बिघडणारे यंत्र या बाष्पात दहा कोटी फेऱ्या चालले. दुसऱ्या टोकाला आहेत अतिशय तप्त यंत्रे, जेथे तेल जळून जाते. तेथे ट्रायक्रेसिल फॉस्फेटसारख्या पदार्थाचे बाष्प तापलेल्या लोखंडावर सोडले की त्याचा वंगणासारखा थर आपोआप जमतो, असे संशोधकांनी दाखवले आहे. जेथे द्रव पोचू शकत नाही वा टिकू शकत नाही, तेथे बाष्प पोचते.

तुम्ही करून पाहा

रेणूंच्या पातळ थराचे सामर्थ्य पाहायला महागडी उपकरणे नकोत. कडा घासलेली, फूटभर लांबीची एक सपाट काच आणि सपाट बुडाची काचेची एक लहान बाटली घ्या. दोन्ही साबणाने स्वच्छ धुऊन पूर्ण वाळू द्या, आणि नंतर काचेच्या मधल्या भागाला बोट लावू नका. बाटली काचेवर ठेवून काचेचे एक टोक हळूहळू उचला. बाटली सरकू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची आणि काचेचा जमिनीवरचा आडवा पाया मोजा. उंचीला पायाने भागले की घर्षणांक मिळतो. दहा वेळा करून सरासरी काढा.

आता बोट कपाळावरून फिरवून तेच काचेवर आणि बाटलीच्या बुडावर हलकेच फिरवा. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढाच तेलकट थर बसेल. पुन्हा दहा वेळा मोजा आणि दोन्ही सरासऱ्यांची तुलना करा. हा थर बाष्पाचा नव्हे आणि तो पुष्कळ रेणूंच्या जाडीचा आहे हे खरे, पण तो किती अल्प आहे आणि फरक किती पडतो, ते तुमच्या वहीत आकड्यांनी दिसेल. शिक्षकांनी हाच प्रयोग पावसाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या दिवशी, स्वच्छ काचेवर, करवून आकडे जुळवून पाहावेत.

आणि घरातल्या मिक्सरचे कार्बन पुन्हा गेले की दुकानात स्वतः जा. कारागिराला दिक्परिवर्तक दाखवायला सांगा आणि त्यावरचा चॉकलेटी थर पाहा. विजेचे यंत्र घरी स्वतः उघडू नका. पाहून आलात की भौतिकशास्त्राच्या तासाला सरांना विचारा, “ग्रॅफाइट चंद्रावर निसरडे असेल का?” पाठ्यपुस्तकातले उत्तर ‘हो’ म्हणेल. तुम्हांला आता खरे उत्तर ठाऊक आहे, आणि ते का खरे आहे हेही सांगता येईल.